हे बाहेर काहून उभे?

आत्या,

परवा तुझ्याच घरात तुझा कायदा मोडला. तुझ्या जलदानविधीला इतकी माणसं आली की बैठकीत पाय ठेवायला जागा उरली नाही. निम्मे लोक उंबऱ्याबाहेर, अकोल्याच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात, डोक्यावर रुमाल धरून उभे. बाबा, तुझा धाकटा भाऊ, अकोटहून आल्यापासून भिंतीला टेकून बसले होते. वंदना सुरू असतानाच ते एकदम उठले आणि ओरडले, "अवो, आत या नं! बाहेर काहून उभे? तिले नाही चालत थे!" भन्तेजी थांबले. सगळे सरकले, एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे दाटीवाटीने बसले, आणि बाहेरचा शेवटचा माणूस आत आल्यावरच वंदना पुढे सुरू झाली. 'तिले नाही चालत' म्हणाले बाबा. 'चालत नव्हतं' म्हणायला आमच्यापैकी कुणाचीच जीभ अजून वळत नाही.

मी काल संध्याकाळी अमरावतीला परतले. आज आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जाऊन आले आणि आता हे लिहायला बसलेय, कारण तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. सरळ सांगून टाकली असती, पण तुला ते चालणार नाही. 'शेपटीपासून नको सांगू, डोक्यापासून सांग,' हे तुझं वाक्य माझ्या कानात अकरावीपासून बसलंय. तेव्हा ऐक डोक्यापासून. आणि मधे मधे मी भांडणार आहे, त्याला इलाज नाही.

अकरावी-बारावीला मी तुझ्याकडे राहिले. तू लग्न केलं नव्हतंस, घर तुझं, पगार तुझा, आणि कायदाही तुझाच. दारात उभं राहून कुणी बोलायचं नाही. मीटर वाचायला आलेला, सिलेंडरवाला, कुरिअरवाला, विमा गळ्यात मारायला आलेला, सगळ्यांना तुझं एकच, "आत ये बापू, पाणी घे, मंग बोल." माझा अभ्यास चालायचा बैठकीत, आणि समोर कुणीतरी घाम पुसत माठाचं पाणी गटागटा पीत बसलेला असायचा. एकदा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आत्या, ही काय धर्मशाळा आहे का? तू सांभाराची हिरवी जुडी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तुयी आजी लोकाच्या दारात उभी राहून पानी मागे. वरून वतत तिच्या ओंजळीत. माया दारात कोनी उभं नाही राहनार, बस्स." एवढं बोलून काड्या बाजूला केल्यास आणि मला मूत्रपिंडाची रचना विचारलीस.

आता भांडते.

जन्मभर तू मुलींना प्राणिशास्त्र शिकवलंस. मूत्रपिंड, मूत्रवाहिनी, मूत्राशय फळ्यावर रंगीत खडूंनी असं काढायचीस की पुढच्या तासाच्या बाईंना ते पुसायला जिवावर यायचं. आणि तुझ्या स्वतःच्या लघवीला लाल रंग आला तेव्हा तू काय केलंस? धने भिजत घातलेस! 'उन्हाळी लागली' म्हणे. अकोल्यात मे महिन्यात अर्ध्या गावाला उन्हाळी लागते, लघवीला आग होते, ती गडद होते, हे काय मला माहीत नाही? धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, खडीसाखर, झालं आपलं औषध. त्यात हा रोगही असा लबाड की सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, रक्त येतं आणि आपोआप थांबतं. तुझं थांबलं, आणि श्रेय गेलं धन्याच्या पाण्याला. पावसाळ्यात एकदा परत आलं, परत थांबलं. तू कुणाला म्हणजे कुणाला बोलली नाहीस.

मला कळलं ते हुरड्याच्या दिवसांत. तू माझ्याकडे अमरावतीला आली होतीस. स्वेटर घालून, कानाला रुमाल बांधून स्वयंपाकघरात डबे उघडून पाहत होतीस. "धने कुठी ठेवतं वो पोरी?"

"कशाला?"

"काई नाही, थोडी उन्हाळी लागली."

मी गॅस बंद केला. बाहेर लोक शेकोटीभोवती बसलेत आणि हिला उन्हाळी लागलीय! मी विचारलं, रंग कसा आहे? तू खिडकीकडे पाहत म्हणालीस, "पयसाच्या फुलाचं पानी असते नं, तसं." पळसाचं पाणी! आणि वर मलाच म्हणतेस, "ओरडतं काहून, धने नसतीन त राहू दे." अशी बयाड बाई आख्ख्या वऱ्हाडात सापडायची नाही. मी तुझ्यावर तेव्हा ओरडले, आणि खरं सांगते, अजूनही ओरडावंसं वाटतं. आता नमुना घेऊन आमच्या खिडकीशी येणाऱ्या बायांना मी स्वतः उठून विचारते, रक्त पहिल्यांदा कधी दिसलं होतं. निम्म्या जणी म्हणतात, 'दिसलं होतं मॅडम, पन वाटलं उन्हाळी हाय.' तू एकटी नाहीस म्हणून राग थोडा उतरतो. पूर्ण उतरत नाही.

मग सगळं भराभर झालं. दुर्बीण घालून गाठ खरवडली, ती कॅन्सरचीच निघाली. तेव्हा ती मूत्राशयाच्या आतल्या अस्तरातच होती, म्हणून डॉक्टरांनी लस द्यायचं ठरवलं. कुठली, तर टीबीची, शाळेत दंडावर टोचायचे तीच. ती नळीने मूत्राशयात सोडली की तिथल्या रोगप्रतिकारक पेशी खडबडून जाग्या होतात, गोळा होतात, आणि त्या गर्दीत गाठीच्या उरल्यासुरल्या पेशींचाही समाचार घेतात. तू ब्लाऊजची बाही वर करून दंडावरचा जुना वण डॉक्टरांना दाखवलास. "साहेब, इथं देऊन झाली. आता तिथं?" ते बिचारे लाजले. लस आत ठेवून लघवी रोखून पडायचं, आणि ती सगळीकडे लागावी म्हणून कुशी बदलत राहायचं, उजवी, डावी, उताणी, पालथी. "भाकर बी एवढी उलटत नाही बाप्पा," म्हणालीस. नंतर ताप यायचा, आग व्हायची, ती तू दात खाऊन सोसलीस.

तरी गाठ परत आली, आणि या खेपेला स्नायूत उतरलेली. मूत्राशयच काढून टाकायचं मोठं ऑपरेशन तुझं हृदय झेलणार नाही असं ठरलं. राहिलं ते सलाईनमधून द्यायचं नवं औषध, रोगप्रतिकारक पेशींना मोकळं करणारं. तुझी एक जुनी विद्यार्थिनी मोर्शीहून संत्र्यांची पेटी घेऊन भेटायला आली, तुझा हात धरून म्हणाली, "मॅडम, तुमी लढा." ती गेल्यावर तू संत्रं सोलत म्हणालीस, "पोरगी चांगली हाय. पन मले लढायले नका लावू कोनी. कोनाशी लढू? थे गाठ का बाहेरून आली? मायीच पेशी हाय. थांबाचं विसरली."

इथे आपलं भांडण जुंपलं. मी म्हटलं, तुझी आहे म्हणूनच तर ती फसवते. गाठीच्या पेशी अंगावर एक प्रथिन मिरवतात, पीडी-एल-१ नावाचं. मुळात ते शरीराच्याच सोयीचं. रोगप्रतिकारक पेशींचा जोर वाढून त्यांनी आपल्याच धडधाकट अवयवांना खाऊ नये, म्हणून त्यांना 'पुरे आता' असं सांगणारं. गाठ नेमकं तेच वापरते. मारायला आलेली टी-पेशी, या रोगप्रतिकारक पेशींतलीच एक, त्या प्रथिनाला भिडली की थंड पडते. तू फोडी मोजूनमापून माझ्या ताटलीत ठेवत म्हणालीस, "म्हंजे खोटं नाही बोलत थे. आपलीच म्हनते, आन् हाय बी आपलीच."

"आत्या, तू तिची बाजू घेऊ नको!"

"बाजू नाही वो. शत्रू म्हटलं का मानूस पाहनंच सोडून देते. तू पाहनं नको सोडू."

मी चिडून विचारलं, मग काय करायचं, तिलाही आत बोलावून पाणी पाजायचं? तू हसलीस आणि बी थुंकलीस. हे भांडण तिथेच राहिलं. मला अजून तुझं पटलेलं नाही. गाठीला मी शत्रूच म्हणणार. तिने तुला नेलं.

भक्षक पेशींचंही तुला दवाखान्यात सांगितलं होतं. शरीरातली घाण, मेलेल्या पेशी खाऊन साफ करणाऱ्या या पेशी गाठीतही शिरतात. पण गाठीतून पाझरणाऱ्या प्रथिनांनी त्यांचं मन असं फिरतं की त्या तिचीच चाकरी करू लागतात. तिच्यासाठी नव्या रक्तवाहिन्या वाढवायला मदत करतात, टी-पेशींना गप्प करतात. तू गालावर हात मारून घेतलास. "बाप्पा! साफसफाईले आले आन् घरजावई झाले!" नर्स धावत आली, तुला काही झालं की काय म्हणून. आपण दोघी हसून हसून बेजार.

मग तू हट्ट धरलास. तुला तुझी स्लाइड पाहायची होती. बाबा फोनवर म्हणाले, नको दाखवू, घाबरीन थे. तू माझ्या हातातला फोन ओढून घेतलास. "माया तुकडा हाय. मी नाही पाहीन त कोन पाहीन?" आमच्यात आपल्या माणसाचा रिपोर्ट आपण लिहायचा नाही असा रिवाज आहे, तुझा माझ्या सहकारी बाईंनी लिहिला होता. पण पाहायला कुणाची ना नव्हती. दुपारी तू शाळेत नेसायचीस तसली खळ घातलेली सुती साडी नेसून लॅबमध्ये आलीस. दोघांना एकाच वेळी पाहता येतं त्या सूक्ष्मदर्शकाशी आपण समोरासमोर बसलो. तू मला हातही लावू दिला नाहीस, स्वतः स्क्रू फिरवून चित्र स्वच्छ केलंस. हात काही विसरले नव्हते तुझे.

निळ्या पेशींचे घोळके होते, ती गाठ. प्रत्येक घोळक्याभोवती तंतूंचा जाड पट्टा. आणि त्या पट्ट्यात तपकिरी ठिपकेच ठिपके, ओळखू याव्यात म्हणून रंगवलेल्या मारेकरी टी-पेशी. घोळक्यांच्या आत मात्र जवळपास कुणीच नाही.

"हे तपकिरी कोन?"

"हेच ते. तुझ्या बाजूचे."

"मंग हे बाहेर काहून उभे?"

मी मास्तरकी सुरू केली. म्हटलं, गाठीच्या आसपास तयार होणारं आणखी एक प्रथिन शेजारच्या साध्या पेशींना तंतू विणायला लावतं, त्यात या अडकतात, शिवाय आत बोलावणारे संदेशही आतून येत नाहीत. तू भिंगावरून डोळा काढला नाहीस. मग म्हणालीस, "कोनी 'या' म्हनतच नाही त्याईले. एवढ्या दुरून आले." आणि डोळ्याला पदर लावलास. रोग कळला तेव्हा तू रडली नव्हतीस, ऑपरेशन होणार नाही म्हटलं तेव्हाही नाही. रडलीस ती या दारात ताटकळलेल्यांसाठी. मी उठून तुझ्यासाठी पाणी आणलं.

त्याच दिवशी मी तुला खरं ते सांगून टाकलं होतं. पेशी अशा बाहेर उभ्या असतात त्या गाठींवर हे औषध कमी चालतं. ते 'पुरे आता' म्हणणाऱ्या निरोपाला अडवतं, पण पेशी आत शिरल्याच नाहीत तर उपयोग काय? तू पर्स उचललीस. "सांगून त पाहू त्याईले. नाही आले त नाही आले."

आणि किती चांगले गेले गं ते महिने! पहिल्या काही सलाईननंतर मूत्राशयातली गाठ स्कॅनमध्ये लहान दिसली. तुला भूक लागायला लागली. दवाखान्यातून घरी येताना रिक्षा थांबवून तू गाडीवरचा गिलावडा खाल्लास, वर दही मागून घेतलंस, आणि मी बोंबलत राहिले. अकोल्याला जाऊन सगळ्या गल्लीला कढीगोळे खाऊ घातलेस. पण प्रत्येक सलाईनच्या दिवशी सुई लागली की तुझा तोच प्रश्न, "गेले का आत?" मी म्हणायची, स्कॅनमध्ये पेशी दिसत नसतात आत्या, तुकडा काढून रंगवावा लागतो. "मंग तुमचा स्कॅन काय कामाचा!" एवढं मोठं यंत्र तू एका वाक्यात भंगारात काढलंस.

मग यकृतात डाग दिसले. मग मूत्राशयातून पुन्हा रक्त सुरू झालं, थांबेना. रक्त थांबवायला परत दुर्बीण घातली, तेव्हा तिथला तुकडाही निघाला. तुला बाहेर आणलं तेव्हा तू अर्धवट शुद्धीत होतीस, ओठ सुकलेले. मला वाटलं पाणी मागतेस. मी वाकले. "तुकडा तुमच्याकडंच येईन नं?"

"हो."

"मंग पाहून सांगजो. मले खरं सांगजो, पेशंटले सांगतं तसं नको."

हे आपलं शेवटचं धड बोलणं. तुकडा औषधात मुरायला, मेणात बसायला, कापायला, रंगायला वेळ लागतो आत्या, त्याला घाई चालत नाही, तूच शिकवलंस. तू तेवढी थांबली नाहीस. मी तुझ्या कानाशी येऊन सांगितलं होतं, अजून रंग व्हायचाय, थोडी थांब. तू ऐकलंस की नाही, कोण जाणे.

एक मात्र मी तुला कधीच बोलले नाही. आपल्याकडे असं तोंडावर कुणी बोलतं का? बारावीला तुझ्याच वर्गात बेडूक कापायचा होता. मी चिमटा उचलत होते आणि परत ठेवत होते. तू माझ्या मागे येऊन उभी राहिलीस आणि चिमट्याचं टोक एका जागी नेऊन थांबवलंस. बेडकाचं मूत्राशय होतं ते, दोन पाकळ्यांचं, कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ. सगळ्या वर्गाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालीस, "हयू लाव चिमटा. कोनाचं तरी हाय थे." मी या कामात आले ती त्या दिवशी. सगळ्यांना सांगत फिरले की मार्क तेवढेच पडले म्हणून. अजूनही ट्रेमधली पहिली स्लाइड उचलताना मी मनात तेच म्हणते, कोणाचं तरी आहे हे. तुझे उपकार मानायचे राहून गेले गं आत्या. आता मानते. आता मानून काय करू, ते तू सांग.

आज लॅबमध्ये गेले तर तुझी नवी स्लाइड माझ्या टेबलावर ठेवलेली होती. बाईंनी रिपोर्ट आधीच लिहिला होता. त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. मी तो रिपोर्ट वाचला नाही. दोघांच्या सूक्ष्मदर्शकाशी जाऊन बसले, तू बसली होतीस त्याच बाजूला, आणि तुझ्यासारखा हळूहळू स्क्रू फिरवला.

तंतूंचा तो पट्टा जागोजागी विस्कटलेला होता. त्यात तपकिरी ठिपके थोडेच उरले होते. मी स्लाइड सरकवली. घोळक्यांच्या आत, अगदी मधोमध, गाठीच्या पेशींना खेटून, तपकिरी, तपकिरी, तपकिरी. कितीतरी निळ्या पेशी मरून पडलेल्या. सगळीकडे असं नव्हतं, एका कोपऱ्यात जुनं चित्र तसंच होतं. आणि यकृतात ते पोचले नसणार, पोचले असते तर तू आज इथे माझं डोकं खात असतीस. उशीर झाला. पण तू जे विचारलं होतंस ते या तुकड्याबद्दल, आणि खरं सांग म्हणाली होतीस.

समोरची खुर्ची रिकामी होती. तरी मी मोठ्याने सांगितलं, तुझ्या बोलीत, पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून पाहायला लागली तरी.

गेले वो आत्या. थे आत गेले.